फॅटी लिव्हर ते यकृताचा कर्करोग : वाचकांचे प्रश्न

यकृतात साठणारी चरबी आणि यकृताचा कर्करोग यांचा परस्परांशी नेमका संबंध काय, हे विचारणारी पत्रे या वेळी मोठ्या संख्येने आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांनी तपासणीचे अहवाल पाठवून औषध विचारले आहे त्यांची मात्र क्षमा मागतो. रुग्णाला न पाहता औषध सुचवणे हे या सदराचे काम नाही. पेशीच्या आत काय घडते हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी एक उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : माझे वय ५० आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे आले. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. नात्यातील एका गृहस्थांनी मात्र ही कर्करोगाची पहिली पायरी असल्याचे ठासून सांगितले. खरे काय मानावे?

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे टोकाचे आहे आणि डॉक्टरांचे अपुरे. जगातील प्रौढांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या यकृतात प्रमाणाबाहेर चरबी आहे, असा अलीकडचा अंदाज आहे. यकृताच्या कर्करोगाचे नवे रुग्ण २०२२ या वर्षात जगभर मिळून सुमारे ८ लाख ६६ हजार होते आणि त्यांतही हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू आणि मद्य यांचा वाटा मोठा होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की फॅटी लिव्हर असलेल्या बहुसंख्य लोकांना हा कर्करोग कधीच होत नाही, हे सहज ध्यानात येते. तरीही ‘काळजीचे कारण नाही’ एवढ्यावर विषय मिटवणे मला पटत नाही, कारण सोनोग्राफीतला ग्रेड ज्या गोष्टीविषयी काही सांगत नाही, नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची असते.

यकृत पडद्यावर किती उजळ दिसते यावरून तो ग्रेड ठरवतात. तो चरबीचा अंदाज असतो. यकृतात वण पडले आहेत का आणि पडले असल्यास किती, हे त्यातून कळत नाही. या वणांना वैद्यकात फायब्रोसिस म्हणतात आणि त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानतात. चौथी पायरी म्हणजे सिऱ्होसिस. बायॉप्सी झालेल्या ६१९ रुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या निरनिराळ्या बदलांपैकी रुग्णाच्या पुढील आयुष्याशी स्वतंत्रपणे निगडित असलेला बदल त्यात एकच आढळला, तो म्हणजे फायब्रोसिसची पायरी. फॅटी लिव्हरमधून सिऱ्होसिसपर्यंत गेलेल्या रुग्णांपैकी दरवर्षी साधारणतः शंभरात एक ते दोन जणांना कर्करोग होतो. वण नसलेल्यांमध्ये हे प्रमाण त्याच्या कितीतरी खाली असते.

फायब्रोसिसचा पहिला अदमास घेण्यासाठी बायॉप्सी लागत नाही. ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांतून काढता येतो. एएसटी आणि एएलटी ही यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे (एन्झाइम) आहेत. वयाला एएसटीने गुणायचे. प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एएलटीच्या वर्गमुळाने गुणायचे. आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे. समजा वय ५०, एएसटी ४०, एएलटी ६४ आणि प्लेटलेट दोन लाख, म्हणजे २०० हजार आहेत. वर ५० गुणिले ४०, म्हणजे २०००, खाली २०० गुणिले ८, म्हणजे १६००, भागाकार १.२५. हा आकडा १.३ पेक्षा कमी असल्यास गंभीर फायब्रोसिसची शक्यता अगदी थोडी मानली जाते, २.६७ च्या वर गेल्यास यकृततज्ज्ञाकडे जाणे आवश्यक ठरते, आणि मधल्या टप्प्यात यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करतात. पस्तिशीच्या आत हा निर्देशांक फारसा भरवशाचा नाही आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात. तेव्हा पुढच्या भेटीत ‘माझा ग्रेड किती’ असे विचारण्यापेक्षा ‘माझा फिब-४ किती’ असे विचारा. शिवाय वजन वा कंबरेचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या पाच गोष्टी तपासून घ्या. या आजाराच्या नावाची व निकषांची २०२३ साली जी फेररचना झाली, तिच्यानुसार चयापचयाशी निगडित फॅटी लिव्हरचे निदान करताना यांपैकी किमान एक तरी बिघडलेली असावी लागते.

प्रश्न : गेली दोन वर्षे मी आहारातून स्निग्ध पदार्थ जवळजवळ हद्दपार केले आहेत. तरीही यकृतातील चरबी कमी झालेली नाही. मग ही चरबी येते कुठून?

उत्तर : याचे मोजमाप प्रत्यक्ष झालेले आहे आणि ते मोठे कल्पक होते. यकृताची बायॉप्सी ठरलेल्या नऊ लठ्ठ रुग्णांना बायॉप्सीच्या आधी काही दिवस, जड समस्थानिकांची (त्याच मूलद्रव्याच्या थोड्या अधिक वजनाच्या अणूंची) खूण केलेली द्रव्ये आहारातून आणि शिरेतून देण्यात आली. चरबी ज्या वाटेने येईल त्या वाटेची खूण तिच्यावर राहावी, अशी ही योजना होती. बायॉप्सीत मिळालेल्या चरबीचा हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला, तो असा : सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातील मेदपेशींनी रक्तात सोडलेल्या मेदाम्लांपासून आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखरेसारख्या पदार्थांपासून नव्याने तयार केलेली होती, आणि आहारातील स्निग्ध पदार्थांतून थेट आलेली चरबी होती अवघी १५ टक्के. रुग्ण थोडे होते हे खरे, पण तुम्ही नेमका सर्वांत लहान दरवाजा बंद केला आहे, एवढे त्यावरून म्हणता येईल.

उरलेले दोन दरवाजे उघडे राहतात ते इन्सुलिनच्या बिघाडामुळे. निरोगी अवस्थेत जेवणानंतर वाढलेले इन्सुलिन मेदपेशींना साठा रोखून धरायला लावते, तर यकृताला ग्लुकोज बनवणे थांबवून चरबी बनवायला लावते. इन्सुलिनला प्रतिसाद मिळेनासा झाला, की मेदपेशी साठा सोडतच राहतात आणि ती मेदाम्ले थेट यकृतात येऊन पडतात. यकृतात घडते ते याहून विचित्र आहे. तेथे इन्सुलिनची एकच आज्ञा धुडकावली जाते : ग्लुकोज बनवणे थांबत नाही, पण चरबी बनवण्याची आज्ञा मात्र इमानेइतबारे पाळली जाते. स्वादुपिंड साखर आवरण्यासाठी आणखी इन्सुलिन सोडते आणि यकृत आणखी चरबी बनवते. ही आज्ञा जनुकांपर्यंत नेणारे प्रथिन म्हणजे ‘स्रेब्प-१सी’. ‘क्रेब्प’ नावाचे दुसरे प्रथिन इन्सुलिनची वाट न पाहता साखरेच्या चयापचयातील रेणूंमुळेच सक्रिय होते आणि मेदाम्ले बांधणाऱ्या विकरांची जनुके चालू करते. फ्रुक्टोज या बाबतीत विशेष परिणामकारक आहे. यकृतातून चरबी बाहेर पडण्याच्या वाटा दोनच : मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, जळणे, किंवा व्हीएलडीएल या चरबीवाहू कणांत भरून रक्तात पाठवली जाणे. आवक वाढल्यावर त्या अपुऱ्या पडतात. स्निग्ध पदार्थांच्या जागी तुमच्या आहारात साखर आणि पिष्टमय पदार्थ वाढले असतील, तर चरबी न हटण्याचे कारण तेथेच शोधावे लागेल.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. चरबीने भरलेली यकृतपेशी कर्करोगाची पेशी कशी बनते, हे रेणवीय पातळीवर समजावून सांगाल का? पाठ्यपुस्तकात ‘दीर्घकालीन दाहामुळे’ एवढेच उत्तर मिळते.

उत्तर : पाठ्यपुस्तकातील उत्तर चूक नाही, पण त्यात मधल्या सगळ्या गोष्टी गाळल्या आहेत. प्रथम हे ध्यानात घ्या, की पेशीत दिसणारा चरबीचा थेंब हा मुख्य आरोपी नव्हे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे थेंबात साठणारी चरबी, बांधण्याची शेवटची पायरी पार पाडणारे ‘डीगॅट-२’ हे विकर उंदरांमध्ये दाबून टाकण्याचा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. अपेक्षेप्रमाणे यकृतातील चरबी घटली, पण ऑक्सिडेशनमुळे होणारी हानी आणि फायब्रोसिस वाढला. याचा अर्थ असा, की मेदाम्लांना थेंबात बंदिस्त करून ठेवणे हा पेशीचा बचाव आहे आणि खरा धोका मोकळ्या राहिलेल्या मेदाम्लांचा व त्यांपासून बनणाऱ्या सेरामाइडसारख्या रेणूंचा आहे. पामिटिक आम्लासारखी संपृक्त मेदाम्ले पेशीत प्रथिने व मेद घडवणाऱ्या अंतर्द्रव्यजालिकेवर ताण आणतात, मायटोकाँड्रियावरील बोजा वाढवतात आणि त्यातून क्रियाशील ऑक्सिजनयुक्त रेणू बाहेर पडू लागतात.

हे रेणू डीएनएपर्यंत पोहोचले म्हणजे काय होते, ते एका अक्षरापुरते पाहू. ग्वानिन या अक्षराचे ऑक्सिडेशन होऊन ८-ऑक्सोग्वानिन तयार होते. ग्वानिनची जोडी एरवी सायटोसिनशी जमते. हे बदललेले ग्वानिन मात्र ॲडेनिनशीही जोडी जमवू शकते. पेशीविभाजनापूर्वी ही चूक दुरुस्त झाली नाही, तर दोन पिढ्यांनंतर मूळ जागी ग्वानिनऐवजी थायमिन बसलेले आढळते. दुरुस्तीची यंत्रणा अशा बहुतेक चुका निस्तरते, आणि यकृतपेशी स्वस्थ अवस्थेत क्वचितच विभागत असल्याने तिला सवडही भरपूर मिळते. फॅटी लिव्हरमध्ये दाह सुरू झाला, की ही सवडच संपते. पेशी मरतात, त्यांची जागा भरण्यासाठी शेजारच्या पेशी विभागतात, त्यांतल्याही काही मरतात, आणि हे वर्षानुवर्षे चालते. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नक्कल म्हणजे न सुधारलेली चूक कायम होण्याची एकेक संधी.

मरणाऱ्या पेशींच्या संकेतांमुळे यकृतातील कुप्फर पेशी (तेथे कायम वस्तीला असलेल्या भक्षकपेशी) आणि रक्तातून आलेल्या भक्षकपेशी खवळतात. त्यांच्याकडून येणाऱ्या ‘टीजीएफ-बीटा’ या संदेशामुळे तारकापेशी जाग्या होतात. या तारकापेशींचे पहिले वर्णन कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ साली केले होते. शांत असताना या पेशी जीवनसत्त्व अ चे थेंब सांभाळून असतात. जाग्या झाल्या की ते थेंब गमावतात, स्नायूपेशीसारखे आकुंचन पावू लागतात आणि कोलॅजनचे तंतू बाहेर टाकू लागतात. हाच तो वण. एकेका पेशीतील आरएनए वाचून २०१९ साली एडिंबरा येथील संशोधकांनी दाखवून दिले, की सिऱ्होसिस झालेल्या मानवी यकृतात वणाच्या जागी ‘ट्रेम-२’ आणि ‘सीडी-९’ ही प्रथिने धारण करणाऱ्या भक्षकपेशींचा एक वेगळाच गट वस्तीला असतो. संपूर्ण ऊतक वाटून केलेल्या जुन्या विश्लेषणात अशा गटाचे अस्तित्व सरासरीत हरवून जात असे.

विभाजनाला एक मर्यादा असते, ती टेलोमिअरची. गुणसूत्रांची ही टोके प्रत्येक विभाजनात आखूड होतात, आणि टोके पूर्ववत करणारे टेलोमरेझ हे विकर प्रौढ यकृतपेशीत जवळजवळ बंद असते. म्हणून सिऱ्होसिसच्या यकृतात थकलेल्या, विभाजन सोडून दिलेल्या पेशी पुष्कळ सापडतात. ज्या पेशीला टेलोमरेझ पुन्हा चालू करता येईल, तिचा मार्ग मोकळा होतो, आणि यासाठी एक अक्षर बदलणे पुरते. टेलोमरेझचा मुख्य भाग बनवणाऱ्या ‘टर्ट’ या जनुकाच्या नियंत्रक भागात, जनुकाच्या सुरुवातीच्या १२४ अक्षरे अलीकडे, सायटोसिनऐवजी थायमिन आले, की तेथे जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांना चिकटण्यासाठी नवीन जागा तयार होते. हा बदल कर्करोगाच्या वाटेवर किती लवकर घडतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीतून दिसते : सौम्य विकृती असलेल्या गाठींपैकी ६ टक्क्यांत, तीव्र विकृती असलेल्या गाठींपैकी १९ टक्क्यांत आणि अगदी सुरुवातीच्या कर्करोगाच्या ६१ टक्के गाठींत तो आढळला. पुढे पेशीला वाढीचा संदेश पोहोचवणाऱ्या बीटा-कॅटेनिनचे जनुक सुमारे ३० टक्के गाठींत आणि बिघडलेल्या पेशींना आवर घालणारे टीपी५३ हे जनुक साधारण तेवढ्याच गाठींत बिघडलेले सापडते. हे दोन्ही बिघाड सहसा एकाच गाठीत एकत्र येत नाहीत, त्यामुळे येथून वाटा फुटतात असे मानण्यास जागा आहे.

येथे एका फरकाकडे लक्ष वेधतो. बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष टीपी५३ मधील २४९व्या स्थानावर ठरावीक बदल घडवते. अर्जिनिनच्या जागी सेरिन येते. हे १९९१ साली लक्षात आले आणि तो बदल पाहून कारणाचा माग काढता येऊ लागला. चरबीची इतकी ठळक स्वाक्षरी डीएनएवर मिळत नाही. तिचा मारा पसरट आणि दीर्घकाळचा असतो.

आता या क्षेत्रातील मला सर्वांत विचार करायला लावणाऱ्या निष्कर्षाकडे येतो. ३४ यकृतांच्या बारीक तुकड्यांतून मिळवलेल्या १५९० जनुकसंचांचे वाचन २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यांत निरोगी यकृते होती, मद्यामुळे बिघडलेली होती आणि फॅटी लिव्हरचीही होती. रोगग्रस्त यकृतांत एकाच पेशीपासून वाढलेले, उत्परिवर्तने बाळगणारे गट मोठ्या प्रमाणावर आढळले. पण निवड झालेली जनुके कर्करोगाची नेहमीची नव्हती. ती चयापचयाची होती : इन्सुलिनची आज्ञा राबवणारे ‘फॉक्सओ-१’, मेदथेंबांच्या वाढीशी संबंधित ‘साइड-बी’ आणि ट्रायग्लिसराइड बांधणीची सुरुवात करणारे ‘जीपॅम’. क्षारपड जमिनीत क्षार सोसणारे वाण तेवढे तग धरते, तसे चरबीच्या माऱ्यात ज्या पेशींनी चरबीकडे पाठ फिरवली त्या टिकल्या आणि वाढल्या. यकृताच्या कर्करोगात ही उत्परिवर्तने फारशी आढळत नाहीत. उत्परिवर्तन झाले म्हणजे कर्करोगाकडे पाऊल पडले, हे आपण गृहीतच धरून चालतो. येथे मात्र काही उत्परिवर्तने पेशीला रोगापासून वाचवणारी दिसतात. जन्मतःच साइड-बीची एक प्रत निकामी असलेल्या व्यक्तींमध्ये यकृतविकाराची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याचे २०२२ साली लाखो लोकांच्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले, तेव्हा या तर्काला बळकटी आली. तुम्हाला संशोधनाचा विषय निवडायचा असेल, तर या बाजूचा विचार जरूर करा.

एक गोष्ट मात्र या सगळ्या चित्रात नीट बसत नाही. विषाणूजन्य आजारांच्या तुलनेत फॅटी लिव्हरमध्ये सिऱ्होसिस न होताही कर्करोग होण्याचे प्रमाण जास्त आहे. म्हणजे वण ही मोठी पायरी असली, तरी तिला वळसा घालून जाणारी वाटही आहे.

प्रश्न : आम्ही दोघे सख्खे भाऊ. वजन, आहार, मधुमेह सारखेच. माझ्या थोरल्या भावाला सिऱ्होसिसचे निदान झाले, माझे यकृत जवळपास ठीक आहे. हे आनुवंशिक असेल का, आणि मी जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

उत्तर : आनुवंशिकतेचा भाग असण्याची चांगलीच शक्यता आहे. डॅलस येथील हेलन हॉब्ज, जोनाथन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘पीएनपीएलए-३’ या जनुकातील एका बदलाचा यकृतातील चरबीशी संबंध दाखवला. या प्रथिनाच्या १४८व्या स्थानी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन येते. असे बदललेले प्रथिन पेशीच्या विल्हेवाट यंत्रणेच्या तावडीतून सुटते आणि मेदथेंबांच्या पृष्ठभागावर साचून चरबीचे विघटन करणाऱ्या विकराचे काम अडवते. हा बदल जगभर आढळतो आणि त्याचा संबंध चरबीपुरता न राहता फायब्रोसिस व कर्करोग यांच्याशीही आहे. भावांना आईवडिलांकडून जनुकांच्या निरनिराळ्या प्रती मिळत असल्याने एकाला हा बदल दोन्ही बाजूंनी मिळणे आणि दुसऱ्याला एकाही बाजूने न मिळणे सहज शक्य असते.

सगळेच बदल घातक नसतात. ‘एचएसडी१७बी१३’ हे जनुक निकामी करणारा एक बदल यकृताचे रक्षण करतो, असे २०१८ साली समोर आले. ‘टीएम६एसएफ२’ मधील बदल तर दुहेरी आहे : तो व्हीएलडीएलची निर्यात रोखून यकृतात चरबी साठवतो, पण त्याच कारणाने रक्तातील चरबी घटते आणि हृदयविकाराचा धोका थोडा उतरतो.

चाचणीबद्दल माझे मत नकारात्मक आहे. पीएनपीएलए-३ मधील बदलाचा परिणाम शरीरातील चरबीच्या प्रमाणानुसार वाढतो. सडपातळ व्यक्तीत तो थोडाच जाणवतो, लठ्ठ व्यक्तीत कितीतरी अधिक. त्यामुळे चाचणीचा निकाल काहीही आला, तरी तुम्हाला दिला जाणारा सल्ला बदलणार नाही. ज्या चाचणीने पुढची कृती बदलत नाही तिच्यावर खर्च करण्याऐवजी, भावाला सिऱ्होसिस आहे हे डॉक्टरांना सांगून फायब्रोस्कॅन करून घ्या आणि ठरावीक काळाने ते पुन्हा करत राहा. भावाची मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि शक्यतो तिच्या जोडीला रक्तातील अल्फा-फिटोप्रोटीन या, यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणाऱ्या प्रथिनाची तपासणी व्हायलाच हवी, कारण सिऱ्होसिसमध्ये गाठ लहान असताना सापडली तर ती काढून टाकणे, जाळणे किंवा यकृतरोपण करणे हे मार्ग खुले असतात.

प्रश्न : ‘उंदरांमधील फॅटी लिव्हर बरे करणारे औषध सापडले’ अशी बातमी दर काही महिन्यांनी वाचायला मिळते. मग माणसांसाठी औषध का येत नाही?

उत्तर : बातमी खोटी नसते, उंदीर फसवा असतो. उंदराला हा आजार आपोआप जडत नाही, तो घडवावा लागतो. वर्षानुवर्षे वापरलेली एक पद्धत म्हणजे मेथिओनिन आणि कोलिन वगळलेला आहार. त्याने काही आठवड्यांतच यकृतात चरबी, दाह आणि फायब्रोसिस दिसू लागतो, पण त्या उंदराचे वजन घटते आणि त्याच्यात माणसासारखा इन्सुलिनरोधही निर्माण होत नाही. वजन घटत चाललेल्या प्राण्यात, लठ्ठपणातून येणाऱ्या रोगाचे औषध तपासण्यासारखा हा प्रकार आहे. कर्करोगाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. उंदरांचे टेलोमिअर माणसाच्या मानाने खूप लांब असतात आणि त्यांच्या अनेक ऊतकांत टेलोमरेझ चालूच असते, त्यामुळे माणसात इतका लवकर घडणारा टर्टमधील बदल उंदरात पाहायलाच मिळत नाही.

आणि औषधे आता आली आहेत. थायरॉइड संप्रेरकाच्या ‘बीटा’ ग्राहकाला चालना देणाऱ्या रेसमेटिरॉमला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. या ग्राहकामुळे यकृतात चरबी जाळण्याची गती वाढते, आणि हृदयावर मुख्यतः ‘अल्फा’ प्रकारचा ग्राहक असल्याने त्याला तुलनेने धक्का लागत नाही. ५२ आठवड्यांच्या चाचणीत दोन मात्रांवर अनुक्रमे २५.९ आणि २९.९ टक्के रुग्णांमधील दाह फायब्रोसिस न वाढता मावळला. ज्यांना औषधविरहित गोळी दिली होती त्यांच्यात हे प्रमाण ९.७ टक्के होते. मधुमेह आणि लठ्ठपणासाठी परिचित असलेल्या सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये याच रोगासाठी परवानगी देण्यात आली. त्याच्या चाचणीत ७२ आठवड्यांनंतर दाह मावळण्याचे प्रमाण ६२.९ टक्के आणि तुलनेच्या गटात ३४.३ टक्के होते. दोन्ही औषधे मध्यम ते गंभीर फायब्रोसिस असलेल्या, परंतु सिऱ्होसिस न झालेल्या रुग्णांसाठी आहेत. त्यांच्यामुळे कर्करोग टळतो का, हे कळायला अनेक वर्षांचा पाठपुरावा लागेल. रोगकारक जनुकाचा आरएनए नष्ट करणारे छोटे आरएनए रेणू, यकृतपेशीच ओळखतील अशा शर्करेला जोडून, थेट त्या पेशींत पोहोचवण्याचे प्रयोगही चालू आहेत; पीएनपीएलए-३ आणि एचएसडी१७बी१३ ही त्यांची लक्ष्ये आहेत.

वजनाचा आकडा येथे नोंदवलाच पाहिजे. २९३ रुग्णांना ५२ आठवडे आहार आणि व्यायामावर ठेवून केलेल्या अभ्यासात, ज्यांचे वजन १० टक्के किंवा त्याहून अधिक उतरले त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांचा दाह मावळला आणि ४५ टक्के रुग्णांचा फायब्रोसिसही मागे हटला. मात्र तेवढे वजन उतरवणे दहापैकी साधारण एकालाच जमले होते. औषधांची गरज का भासते, याचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

प्रश्न : कॉफी यकृताला चांगली असते, असे म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : कॉफी पिणाऱ्यांमध्ये फायब्रोसिस आणि यकृताचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात. कॉफी सोसत असेल तर साखर न घालता प्यावी. उपचार म्हणून सुरू करू नये.

प्रश्न : वडिलांना फॅटी लिव्हरमधून यकृताचा कर्करोग झाला आहे. इम्युनोथेरपी सुचवली आहे, पण फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर ती चालत नाही असे वाचनात आले. आम्ही नकार द्यावा का?

उत्तर : तुमच्या वाचनात आले त्याचा उगम २०२१ सालच्या एका गाजलेल्या संशोधनात आहे. कर्करोगाची पेशी रोगप्रतिकारक टी-पेशींना ‘पीडी-१’ या खटक्यावाटे थोपवून धरते आणि इम्युनोथेरपीची औषधे ती अडवणूक मोडतात. फॅटी लिव्हर असलेल्या उंदरांच्या यकृतात मात्र पीडी-१ धारण करणाऱ्या टी-पेशी मोठ्या संख्येने जमलेल्या आढळल्या, आणि त्या गाठीवर चालून जाण्याऐवजी यकृताच्या निरोगी पेशींनाच इजा करत होत्या. त्यांच्यावरील बंधन काढल्यावर गाठी कमी होण्याऐवजी वाढल्या. त्याच संशोधनात, आधी झालेल्या तीन मोठ्या चाचण्या एकत्र तपासल्या असता, विषाणूजन्य नसलेल्या कर्करोगात या उपचाराचा लाभ ठळकपणे दिसला नाही.

जीवशास्त्र म्हणून हे काम महत्त्वाचे आहे, पण त्यावरून वडिलांचा उपचार नाकारू नये. विषाणूजन्य नसलेला गट म्हणजे फॅटी लिव्हरचा गट नव्हे; त्यात मद्यामुळे आजारी झालेलेही येतात, आणि त्या चाचण्यांची आखणी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी झालेली नव्हती. ट्रेमेलिमुमॅब आणि दुर्वालुमॅब या जोडीच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विषाणू नसलेल्या रुग्णांनाही लाभ दिसला. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या दुसऱ्या जोडीने २०२० सालच्या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण ६७.२ टक्के राखले, जे सोराफेनिब या जुन्या औषधावर ५४.६ टक्के होते. म्हणून कर्करोग कशामुळे झाला एवढ्या एका निकषावर आज कोणाला या उपचारापासून दूर ठेवले जात नाही.

डॉक्टरांशी बोलताना दोन गोष्टी मात्र जरूर विचारा. कर्करोग सोडून उरलेले यकृत कितपत काम करते आहे, हे पहिले. कारण या चाचण्यांतील रुग्णांचे यकृत बऱ्यापैकी कार्यक्षम होते आणि ते ढासळलेले असल्यास हे आकडे लागू पडत नाहीत. दुसरे, सुचवलेली जोडी बेव्हासिझुमॅबची असेल, तर अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी एंडोस्कोपी झाली आहे का. या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि अशा शिरा आढळल्यास आधी त्यांवर उपचार करतात किंवा ती जोडी टाळून दुसरी निवडतात.